नवी पाहुणी, जुनी मालकीण

पुण्यातल्या माझ्या धाकट्या बहिणीकडे एक चिंचिला मादी आहे. मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातलं, आपल्या खारीहून मोठं राखाडी जनावर. लव इतकी दाट की केसाच्या एकेका मुळातून पन्नासच्या वर केस निघतात. त्या लवेपायीच रानातले चिंचिला मारून मारून जवळजवळ संपवले गेले. आपल्या उन्हाळ्यात एसीशिवाय ते जगत नाही. "हा शौक कशाला?" असं मी तेव्हाच म्हटलं होतं, पण असो.

ईदीच्या पैशांत भाचीने दुसरी मादी आणली. "खाला, ती एकटी असते ना!" आणि थेट जुनीच्याच पिंजऱ्यात सोडली. जुनी मागच्या दोन पायांवर उभी राहिली, दात कटकटवले आणि नवीवर लघवीची पिचकारी मारली. घरभर हशा. तो 'ही जागा माझी' असा इशारा होता, हे कुणाला ठाऊक! चिंचिलांत मादी नराहून मोठी आणि बहुधा वरचढ असते. फजरला बहीण उठली तेव्हा पिंजऱ्यात लवेचे पुंजके पडलेले, नवीचा कान फाटलेला.

बहिणीचे मिस्टर चिडले. "जुनीला दोन दिवस बाथरूममध्ये कोंडा, खाणं बंद करा, येईल ठिकाणावर." मी फोनवरच अडवलं. मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण मुलांना शिकवतो ती कशासाठी? शिवाय चिंचिला दिवसभर उपाशी राहिलं तरी त्याच्या आतड्यांचं काम बंद पडू लागतं आणि ते जिवावर बेतू शकतं.

जनावरांच्या डॉक्टरांनी कान बघितला आणि दोन पिंजरे करायला सांगितले. शेजारी ठेवायचे, पण पंजा पोचणार नाही इतक्या अंतरावर. रोज एकीच्या अंगाखालचं कापड दुसरीकडे टाकायचं, म्हणजे वास ओळखीचा होतो. काही आठवड्यांनी दोघींना तिसऱ्याच जागी, डोळ्यांसमोर, थोडा वेळ सोडायचं. जमलं तर धुतलेल्या पिंजऱ्यात दोन वाट्या, दोन लपायच्या जागा देऊन एकत्र. पुन्हा रक्त निघालं तर मात्र कायमच्या वेगळ्या.

भाची रडत होती, "जुनी दुष्ट आहे." मी विचारलं, "तुझ्या बाकावर न विचारता कुणी येऊन बसलं, तर?" ती गप्प झाली.

महिना झाला. परवा फोन आला, दोघी आपापल्या पिंजऱ्यात एकमेकींच्या बाजूला तोंड करून झोपल्या होत्या. बहीण घाईला आली आहे. मी म्हटलं, अजून थांब.