शस्त्रक्रियेनंतरचा पहिला व्यायाम : श्वास

शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला घरोघरी हमखास ऐकावे लागणारे वाक्य म्हणजे, "हलू नका, टाके तुटतील." त्यामागे माया असते, पण रुग्णाला अंथरुणाला खिळवून ठेवणारी ही माया त्याच्या फुप्फुसांना महाग पडू शकते.

पोटाची किंवा छातीची मोठी शस्त्रक्रिया झाली की जखमेच्या वेदनेमुळे रुग्ण वरवर श्वास घेतो आणि खोकला दाबून धरतो. फुप्फुसांच्या तळाचे वायुकोश मिटू लागतात, तेथे कफ साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. सतत पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, तो वेगळाच.

एकेकाळी डॉक्टरही रुग्णाला आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवीत. 1899 साली शिकागोच्या एमिल रीस यांनी लवकर उठवण्याचा पुरस्कार केला. तो विचार सर्वत्र रुजायला मात्र दुसऱ्या महायुद्धाचा काळ उजाडावा लागला. आपल्याकडे 1950 च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. आज मोठ्या शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपिस्ट बहुधा दुसऱ्याच दिवशी रुग्णाच्या खाटेशी येतो.

आमच्या शिरढोणसारख्या गावांतील रुग्ण मोठ्या शस्त्रक्रियेसाठी पनवेलला किंवा मुंबईला जातात आणि थोड्याच दिवसांत घरी परततात. रुग्णालयात सुरू झालेला व्यायाम नेमका येथे थांबतो. म्हणून पुढील गोष्टी घरच्यांनी शिकून घ्याव्यात. शक्य तर शस्त्रक्रियेपूर्वीच.

टेकून बसावे. नाकाने सावकाश खोल श्वास घ्यावा, दोन-तीन सेकंद रोखावा आणि तोंडाने हळूहळू सोडावा. जागेपणी दर तासाला असे पाच ते दहा वेळा करावे. चक्कर आल्यास थांबावे. तीन चेंडूंचे यंत्र दिले असेल, तर त्यात फुंकायचे नसून श्वास आत ओढायचा असतो. खोकताना जखमेवर उशी घट्ट धरावी. टाक्यांना आधार मिळतो आणि कफ सुटतो. पडल्या पडल्या घोट्यातून पावले वर-खाली हलवावीत. शल्यचिकित्सकांची अनुमती मिळताच कुणाच्या तरी आधाराने बसावे, उभे राहावे, चार पावले टाकावीत आणि रोज थोडी वाढवावीत. वेदनाशामक गोळी सांगितलेल्या वेळी घ्यावी. दुखणे आवरले तरच श्वास खोल जातो.

प्रत्येक शस्त्रक्रियेची पथ्ये निराळी असतात, म्हणून शेजाऱ्याचा व्यायाम आपल्या रुग्णाला लावू नये. ताप, वाढता दम, छातीत दुखणे, एकाच पोटरीला सूज किंवा जखमेतून स्राव दिसल्यास व्यायाम थांबवून त्वरित डॉक्टरांना गाठावे.

भेटीस येणाऱ्यांनी "पडून राहा" म्हणण्याऐवजी "आज किती पावले चाललात?" असे विचारावे. रुग्णाला धीर देणारा प्रश्न हाच.