गायनसंघाची सहल

शाळेचा गायनसंघ पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरांत नेण्याचें घाटत आहे. या वास्तूची कोनशिला १९६२ सालीं स्वतः बालगंधर्वांच्या हस्तें बसली व १९६८ सालीं ती लोकांस खुली झाली. तेथें गावयाचें, तर निवडक गळेच न्यावे, असें कांहींचें म्हणणें आहे. तें आम्हांस मान्य नाहीं. समूहगानांत एकट्याचा मोठा आवाज उलट खुपतो. लहान आवाज परस्परांत मिसळून सुरास भर घालतात. गाडीभाड्याअभावींही कोणी मागें राहूं नये. त्यासाठीं वर्गणी आधींच जमवावी. दमट हवेनें तबल्याची पुडी उतरते, म्हणून वाद्यें मिळविण्यास तासभर आधीं पोहोंचावें. अर्धा संघ नेऊन मिळविलेल्या टाळ्यांची हकीकत उरलेल्या अर्ध्यास कोणत्या तोंडानें सांगावी?