दिलेला कागद परत मागू नका

माझी सगळी नोकरी महसूल खात्यात झाली. हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यासाठी तलाठ्याची वाट पाहत दिवस मोडणारे शेतकरी मी पाहिले आहेत. आज डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 15 रुपयांत मोबाइलवर मिळतो. ही मोठी सोय आहे.

पण पुढे काय होते? शेतकरी तोच उतारा छापतो आणि दुसऱ्या सरकारी अर्जाला जोडतो. ऑनलाइन आलेल्या अर्जाचीही कारकून प्रिंट काढतो, फाइलला लावतो, टिपणी लिहितो. मग फाइल पूर्वीच्याच टेबलांवरून फिरते. सरकारचा कागद सरकारलाच नेऊन देण्यात माणसाची मजुरी बुडते.

1980च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी दप्तर सुधारले, ते संगणकावाचून. गठ्ठे सोडले, कागदांची वर्गवारी केली, मुदत संपलेले नष्ट केले. हवी ती फाइल लगेच हाती लागू लागली. आधी कामाची घडी बसवली, म्हणून ‘लखिना पॅटर्न’ राज्यभर गेला. 2021 पासूनच्या ई-पीक पाहणीतही ॲपइतकाच महत्त्वाचा बदल कामाच्या वाटणीचा आहे: पिकाची नोंद आता शेतकरी स्वतः बांधावरून, फोटोसह करतो.

फाइल एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त अडू नये, असा 2005चा कायदा आहे. चार टेबले असली, तर प्रत्येकाने मुदत पाळूनही महिना उलटतो. म्हणून टेबलेच कमी केली पाहिजेत.

सगळीच नव्हेत. वारस नोंदीतली 15 दिवसांची नोटीस राहिलीच पाहिजे. नाव वगळलेल्या बहिणीला हरकत घ्यायला तेवढीच जागा असते. पण ज्या सहीमागे काहीच तपासले जात नाही, ती सही कशाला?

माझी मागणी साधी आहे. अर्जात गट नंबर दिला की सातबारा आणि आठ-अ अर्ज घेणाऱ्या खात्याने स्वतः पाहावा. प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याने अर्जांसोबत मागितल्या जाणाऱ्या कागदांची यादी काढावी आणि सरकारकडे असलेला प्रत्येक कागद तिच्यातून खोडावा. कार्यालयाचे काम किती अर्ज ऑनलाइन आले यावर न मोजता, अर्जापासून निर्णयापर्यंत किती दिवस गेले यावर मोजावे आणि तो आकडा दर महिन्याला दारावर लावावा. याला नवे सॉफ्टवेअर लागण्याआधी एक परिपत्रक आणि ते पाळून घेणारा अधिकारी लागतो.