चालावे की चाकांवर धावावे?

शरीर सुदृढ राहावे आणि वाढलेले वजन उतरावे, यासाठी कोणता व्यायाम पत्करावा, हा प्रश्न आज शहरोशहरी विचारला जातो. बेंगळुरूमध्ये, जेथे असंख्य सुशिक्षितांचा दिवस खुर्चीवर बसून जातो, तेथे त्यास विशेष महत्त्व आहे. चालणे हा सर्वांच्या परिचयाचा उपाय; एका ओळीत चाके बसविलेल्या स्केटवर धावणे हा तरुणांस मोहविणारा. या दोहोंची तुलना करावयाची, तर प्रथम आकड्यांकडे वळले पाहिजे.

70 किलोग्रॅम वजनाचा मनुष्य अर्धा तास भरभर चालला, तर त्याचे सुमारे 130 ते 150 उष्मांक खर्च होतात. तोच मनुष्य ताशी 14 किलोमीटर वेगाने तितकाच वेळ स्केटवर धावला, तर हा खर्च 260 उष्मांकांच्या घरात जातो. गुडघे वाकवून, शरीर पुढे झुकवून प्रत्येक पावलास बाजूकडे रेटा द्यावा लागत असल्याने मांड्यांच्या व नितंबांच्या मोठ्या स्नायूंना चांगलेच काम पडते.

तथापि एवढ्यावरून स्केटच्या बाजूने निकाल देणे घाईचे ठरेल. चाके आपोआप पुढे जातात, हा त्यांचा गुण तसाच दोषही होय. रेटा थांबला की श्रम घटतात, गती मात्र टिकते. नवशिक्याचा पुष्कळसा वेळ तोल सावरण्यात आणि थांबावयास शिकण्यात जातो. पडताना मनुष्य स्वाभाविकपणे हात पुढे करतो, म्हणून अशा अपघातांत मनगटास इजा होण्याचे प्रमाण मोठे असते. शिरस्त्राण आणि मनगट, कोपर व गुडघे यांची संरक्षक आवरणे यांवाचून स्केट पायांत चढवू नयेत. हाड मोडल्यास कित्येक आठवडे व्यायामच बंद पडतो.

खरा हिशेब अर्ध्या तासाचा नव्हे, आठवड्याचा व वर्षाचा आहे. सुट्टीच्या दोन दिवशी अर्धा अर्धा तास स्केटवर धावणाऱ्याचे सुमारे 520 उष्मांक खर्च होतात. पाच दिवस अर्धा तास चालणाऱ्याचे 650 ते 750. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांसाठी आठवड्यास निदान 150 मिनिटे मध्यम किंवा 75 मिनिटे जोरकस व्यायाम सुचविला. पाच दिवस चालणारा ही मर्यादा गाठतो. दोनच दिवस धावणारा उणा पडतो. शिवाय एका मसाला डोशाने अर्ध्या तासाची चाल सहज भरून निघते. आहारावर संयम नसेल, तर वजनाच्या बाबतीत पाय आणि चाके दोन्ही हतबल होत.

नित्याच्या साध्या हालचालीचे मोल जेरी मॉरिस यांच्या 1953 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांत हृदयविकार अधिक आढळला.

समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवरील बेंगळुरूची हवा बहुतेक वर्षभर चालण्यास अनुकूल असते. 1760 साली हैदरअलीने आरंभिलेला लालबाग आणि 1870 साली आखलेले कब्बन पार्क हा पादचाऱ्यांचा अमोल ठेवाच होय. परंतु प्रत्येकाचे घर उद्यानाशेजारी नसते. फुटलेल्या फरशा आणि फुटपाथवर उभी केलेली वाहने यांनी जो रस्ता चालणाऱ्यास दुर्गम होतो, तो चाकांना त्याहून घातक ठरतो. 2020 साली चर्च स्ट्रीटवर शनिवार-रविवारी मोटारींना मनाई करण्याचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा रस्ता माणसांसाठीही राखता येतो हे दिसून आले.

सारांश, चालणे ही रोजची भाकरी आणि स्केटिंग हे सणाचे पक्वान्न समजावे. ज्यास हौस आहे त्याने ते बंदिस्त रिंगणात, जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली अवश्य शिकावे; पण त्यासाठी रोजचे चालणे सोडू नये. आणि आरोग्याची चिंता वाहणाऱ्या नगराने औषधालयांइतकीच फुटपाथांचीही काळजी वाहिली पाहिजे.