लहरी सर्वांच्या, मग संच आपल्या वस्तीत का नको?

26 डिसेंबर 2004 रोजी त्सुनामीने अंदमान-निकोबार बेटांना तडाखा दिला. वीज गेली, दूरध्वनी मुके झाले आणि बेटांचा मुख्य भूमीशी संपर्क तुटला. त्या वेळी भारती प्रसाद या हौशी रेडिओचालक महिला आपल्या सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरमध्ये होत्या. या बेटांवरून हौशी रेडिओ चालवण्यास अनेक वर्षे परवानगी मिळत नव्हती. ती त्यांनी चिकाटीने मिळवली होती. जगभरच्या हौशी मंडळींशी बोलण्यासाठी लावलेला त्यांचा संच त्या दिवसापासून आपद्ग्रस्तांचे निरोप पोचवू लागला. पुढे त्यांचे सहकारी कार निकोबारलाही गेले. कोण जिवंत आहे, कोणाला काय हवे आहे, हे मुख्य भूमीवरच्या नातलगांना आणि प्रशासनाला या लहरींवरून कळले.

हौशी रेडिओ, म्हणजेच 'हॅम रेडिओ', ही सरकारची परीक्षा देऊन, परवाना घेऊन चालवायची सेवा आहे. त्यात पगार नाही, व्यापाराला परवानगी नाही, प्रचारालाही नाही. मोबाईलला मनोरा लागतो, मनोऱ्याला वीज लागते आणि बॅटरी संपली की मनोरा गप्प होतो. हॅमला मोटारीची एक बॅटरी आणि दोन खांबांना बांधलेली तार पुरते. त्याच्या लघुलहरी आकाशातील विद्युतभारित थरावर आदळून शेकडो मैलांवर उतरतात. जवळच्या अंतरासाठी हातात मावणारा संच चालतो. 1999 चे ओरिसातील महावादळ आणि 2001 चा भूज भूकंप या आपत्तींतही हॅम मंडळी मदतीला धावली होती.

हे काम केवळ आपत्तीपुरते नाही. पश्चिम बंगालमधील गंगासागर मेळ्यात चुकामूक झालेल्या यात्रेकरूंना घरच्यांपर्यंत पोचवण्याचे काम तेथील रेडिओ क्लबचे स्वयंसेवक करत आले आहेत. अमेरिकेत बोस्टन मॅरेथॉनच्या मार्गावर हॅम स्वयंसेवक उभे असतात. 2013 साली तेथे बॉम्बस्फोट झाले, मोबाईल यंत्रणेवर ताण येऊन फोन लागेनासे झाले, तेव्हा या स्वयंसेवकांचे संच चालू होते.

आता आपल्याकडे पाहू. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर, 1 जानेवारीला भीमा कोरेगावला लाखो अनुयायी येतात. विदर्भ-मराठवाड्यातून आलेली म्हातारी आई शिवाजी पार्कच्या गर्दीत हरवली, तर तिच्यासाठी ध्वनिक्षेपकावरची घोषणा हाच मुख्य आधार असतो. गर्दीत फोन लागत नाही, हा अनुभव सर्वांचा आहे. 1 जानेवारी 2018 रोजी भीमा कोरेगावला निघालेल्या अनुयायांच्या वाहनांवर हल्ले झाले. अशा वेळी पुढचा रस्ता सुरक्षित आहे की नाही, जखमी कुठे आहे, कोणती बातमी खरी आणि कोणती अफवा, हे सांगणारी स्वतंत्र यंत्रणा किती मोलाची ठरेल, हे वेगळे सांगायला नको.

पण खरा प्रश्न याहून खोल आहे. आपत्ती जात पाहत नाही, असे म्हणतात. मदत मात्र जात पाहते. 2001 च्या भूकंपानंतर गुजरातमध्ये आणि त्सुनामीनंतर तामिळनाडूत दलितांना मदत छावण्यांत, अन्नवाटपात भेदभाव सोसावा लागला, हे मानवी हक्क संघटनांनी नोंदवले आहे. याचे कारण केवळ वाटप करणाऱ्याच्या मनात नव्हते, ते माहितीच्या वाटेतही होते. गरजूंची यादी गावातला प्रस्थापित माणूस करतो, निरोप तोच पाठवतो आणि गावकुसाबाहेरची वस्ती त्या यादीत शेवटी येते, किंवा येतच नाही. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. साकीनाक्याला झोपड्यांवर दरड कोसळून माणसे गाडली गेली. शहराचे फोन आणि वीज कोलमडली होती. अशा दिवशी डोंगरउतारावरच्या वस्तीतून पहिला निरोप कोण पाठवणार? ज्याच्या हाती संच, त्याचा निरोप आधी पोचतो. म्हणून संच वस्तीत हवा आणि तो चालवणारा वस्तीतलाच हवा.

या माध्यमाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. लहरींवर माणूस आडनावाने ओळखला जात नाही. त्याला सरकारने दिलेले संकेतनाव असते आणि ते ऐकून कोणाला जात कळत नाही. अर्थात संच बंद केल्यावर जातीची व्यवस्था जागच्या जागी असते. तिच्याशी लढा वेगळाच द्यावा लागेल. पण अनोळखी माणसाचा निरोप आपला मानून पुढे पोचवणे ही बंधुतेची रोजची तालीम आहे. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण बुद्धाच्या शिकवणीतून घेतली, हे बाबासाहेबांनी 3 ऑक्टोबर 1954 रोजी आकाशवाणीवरूनच देशाला सांगितले होते.

सर्वोच्च न्यायालयाने 9 फेब्रुवारी 1995 च्या निकालात आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले. मालमत्ता सर्वांची असली तरी तिचा वापर मूठभरांचाच राहिला. अमेरिकेत 7 लाखांहून अधिक परवानाधारक आहेत. भारतात ते काही हजारांच्या घरात आहेत. 1978 च्या नियमांखाली 12 वर्षांच्या मुलालाही परीक्षेला बसण्याची वाट खुली झाली. प्राथमिक श्रेणीला मोर्सची टिकटिकही लागत नाही. परीक्षेत रेडिओची मूलतत्त्वे आणि नियम विचारतात. आपल्या विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला हे जड नाही. अडचणी आहेत त्या वेगळ्या. मराठीत अभ्याससाहित्य तुटपुंजे आहे, दूर पल्ल्याचे संच महाग आहेत आणि अशी सेवा असते हेच वस्तीत कोणी सांगितलेले नाही.

म्हणून मागणी नेमकी हवी. समाजकल्याण खात्याच्या वसतिगृहांत आणि आश्रमशाळांत हॅम रेडिओ केंद्रे सुरू करावीत. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने दलित-आदिवासी वस्त्यांतील परवानाधारक युवकांची नोंद ठेवावी. आणि जे शासनावर अवलंबून नाही, ते आपण करावे. बाबासाहेबांनी उभारलेल्या समता सैनिक दलाने आणि प्रत्येक मोठ्या विहाराने पाच तरुण, त्यांत किमान दोन मुली, या परीक्षेला बसवाव्यात. एका मोठ्या स्वागत कमानीच्या खर्चात हातातले कितीतरी संच येतील. परवाना मिळायला वेळ लागतो. तेव्हा पुढच्या 6 डिसेंबरची तयारी आजच सुरू झाली पाहिजे. 'शिका' हा आदेश लहरींच्या विद्येलाही लागू आहे.