तवसं पिकतं तेव्हाच धोंडस

बाजारात बारा महिने सगळं मिळतं, मग ऋतू पाहून स्वयंपाक करण्याचा हट्ट कशाला, असं हल्ली चांगल्या जाणत्या घरांतूनही ऐकू येतं. हा हट्ट म्हणजे गावाकडच्या आठवणी उगाळण्याचा प्रकार, असंही वर सांगितलं जातं. मला हे म्हणणं मुळातच चुकीचं वाटतं. आपल्याला साधं, मोजक्या जिनसांचं जेवण हवं असेल तर ऋतू पाळण्यावाचून गत्यंतर नाही. जिन्नस अवेळी आणला की त्याची उणीव साखर, मसाला, साय आणि इसेन्स घालून भरून काढावी लागते.

काकडीचा केक म्हणता येईल अशा धोंडसाचंच पाहा. श्रावण-भाद्रपदात सिंधुदुर्गात वेलावर तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, पिकतात. हाताएवढी लांब, पिवळट, जड. काही घरांत ती पडवीच्या वाशांना टांगून ठेवलेली दिसतात. माझी आत्या तवसं चिरलं की आधी देठाकडचा तुकडा चाखते, कडू लागला तर ते बाजूला ठेवते. मग साल आणि बिया काढून कीस करायचा आणि त्याला सुटलेलं पाणी जपून ठेवायचं, कारण रवा शिजणार तो त्याच पाण्यात. तांदळाचा जाडसर रवा थोड्या तुपावर भाजायचा, त्यात कीस, गूळ, ओलं खोबरं, चिमूटभर मीठ आणि वेलची घालून मिश्रण घट्ट होईपर्यंत ढवळायचं. जाड बुडाच्या टोपाला तूप लावून तळाशी हळदीचं पान घालायचं, वर हे मिश्रण थापायचं. खाली मंद निखारे, झाकणावरही निखारे. तासाभराने घरभर हळदीच्या पानाचा वास सुटतो आणि कडा खरपूस होऊन टोपापासून सुटू लागतात. अंडं नाही, मैदा नाही, सोडा नाही. हेच धोंडस मी एकदा मार्च महिन्यात शहरातल्या कोशिंबिरीच्या काकडीचं करून पाहिलं. पाणी भरपूर सुटलं, वास मात्र नावालाही नव्हता. गूळ वाढवला, वेलची दुप्पट घातली, तरी गोड सांजाच झाला.

भाजलेले पदार्थ आपले नव्हेत, ते पाश्चात्त्यांचे, असं म्हणणाऱ्यांना धोंडस हे पहिलं उत्तर. दुसरं उत्तर विदर्भात आहे, तिथे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजतात. खानदेशात हिवाळ्यातली वांगी काड्यांच्या जाळावर भाजली जातात, आणि त्या धुराच्या चवीसाठीच लोक भरीत खातात. पाव पोर्तुगिजांबरोबर आला हे खरं, पण गोव्याने त्याचं पीठ माडाच्या सुरेने फुगवलं आणि तो आपलासा केला. दिवाळीआधी किंवा मे महिन्यात घरचं पीठ, तूप, साखर कोपऱ्यावरच्या बेकरीत नेऊन नानकटाई भाजून आणलेली माणसं आजही आपल्या आसपास आहेत. घरात ओव्हन असेल तर तोही खुशाल वापरावा. धोंडस त्यातही उत्तम होतं.

ऋतू पाळणं महाग पडतं म्हणणाऱ्यांनी जुलै २०२३ आठवावा. तेव्हा अनेक शहरांत टोमॅटो किलोला दीडशे रुपयांच्या वर गेला होता आणि आमटी कशी करावी हा घरोघरी प्रश्न झाला. ज्यांच्या बरणीत आमसुलं होती त्यांना तो पडला नाही. उन्हाळ्यात रातांब्याच्या साली त्याच्याच रसात पुन्हा पुन्हा भिजवून उन्हात वाळवलेल्या असतात, त्या पावसाळ्यात कामी येतात. ऋतू पाळणं म्हणजे रोज ताजं तोडून आणणं नव्हे. मागच्या ऋतूने दिलेलं पुढच्या ऋतूसाठी राखून ठेवणं हाही त्याचाच भाग आहे.

आणि हे ज्ञान भाबडं नाही. पावसाच्या तोंडावर ठाणे-पालघरच्या बाजारांत आदिवासी बायका शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात. शेवळाने घसा खाजतो, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. म्हणून त्याच टोपलीत काकडं ही हिरवी आंबट फळं ठेवलेली असतात. त्यांचा रस घालून शिजवलं की खाज मोडते. खाज आणि तिचा उतारा एकाच जंगलात, एकाच पंधरवड्यात तयार होतात, आणि ही जोडी ओळखायला किती पिढ्यांचं निरीक्षण खर्ची पडलं असेल! याला नुसतं स्मरणरंजन म्हणणं हा त्या बायकांवर अन्याय आहे.

आता वेळेचा आक्षेप. तो मी झटकून टाकणार नाही. या स्वयंपाकाचं कौतुक बहुतेक वेळा पाटावर बसलेल्यांनी केलं आणि त्यासाठीचे कष्ट चुलीपुढच्या बाईने उपसले. शेवळं साफ करणं, अळूच्या देठांच्या शिरा काढणं हे किचकट काम आहे, आणि नोकरी करून आलेल्या बाईकडे त्याची अपेक्षा धरणारा माणूस माझ्या बाजूचा नाही. पण यावरून ऋतूचा स्वयंपाक सोडून द्यावा असं निघत नाही. निघतं ते एवढंच की, तो करणारे हात वाढले पाहिजेत. आमच्या घरी किसणी माझ्याकडे असते, रवा मुलगा भाजतो. शिवाय सगळंच काही वेळखाऊ नसतं. भोगीला गाजर, पावटा, वांगं, सोलाणे आणि तिळाचं कूट घालून केलेली भाजी तासाभरात होते. त्या दिवसांत पावटा कोवळा असतो आणि गाजर गोड, त्यामुळे मसाला जेमतेम लागतो.

येत्या भाद्रपदात एक पिवळं तवसं घरी आणा. ते किसायचं काम मात्र घरात एरवी स्वयंपाक न करणाऱ्या माणसाला द्या.