आठव्या दिवसापासून जखमींचे काय?

लाकडाच्या टाली, आरागिरण्या आणि ओंडके वाहून आणणारे ट्रक ही नागपूरच्या लकडगंजची जुनी ओळख. सेंट्रल अ‍ॅव्हेन्यू पुढे भंडारा मार्गाला मिळतो, कळमन्याची बाजारपेठही फार दूर नाही. त्यामुळे पूर्व नागपूरच्या या भागाला अवजड वाहनांची वर्दळ नवी नाही आणि दुर्दैवाने त्यांच्या धडकेत जायबंदी झालेली माणसेही नवी नाहीत. अपघात झाला की लोक धावतात, त्याच सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरील मेयो रुग्णालयात जखमींना पोहोचवतात, प्रसंगी रक्तही देतात. प्रश्न त्यानंतरचा आहे.

आपल्याकडे अपघात लक्षात राहतो तो मृतांच्या आकड्याने. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे यवतमाळहून मुंबईकडे निघालेली खासगी बस नाशिकजवळ मालवाहू वाहनावर आदळून पेटली आणि १२ प्रवासी मृत्युमुखी पडले. १ जुलै २०२३ रोजी नागपूरहून पुण्याला जाणारी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून जळाली. त्यात २५ जण गेले. दोन्ही वेळी महाराष्ट्र हळहळला, मदत जाहीर झाली. परंतु या दुर्घटनांतून जे वाचले, ते काही दिवसांतच बातम्यांतून नाहीसे झाले. २०२२ या एका वर्षात देशातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला, तर ४,४३,३६६ जण जखमी झाले. मृतांच्या अडीच पटींहून अधिक असलेल्या या माणसांचे पुढे काय होते, याचा विचार समाज म्हणून आपण कितीसा करतो?

पहिल्या तासाबाबत देशाने निश्चितच प्रगती केली आहे. जखमीवर तातडीचे उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात ठणकावले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात मदतीला धावणाऱ्या नागरिकास संरक्षण मिळाले. ५ मे २०२५ रोजी केंद्र शासनाने रोखरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. तीनुसार जखमीला नियुक्त रुग्णालयात दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. योजना स्वागतार्हच आहे. मात्र तिची मुदत अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांची आहे. मोडलेले हाड सात दिवसांत सांधत नाही.

मांडीचे हाड जुळून यायला कित्येक महिने लागतात. या काळात ठरल्या वेळी क्ष-किरण तपासणी झाली नाही, तर वाकडे जुळणारे हाड किंवा सळईभोवतीचा जंतुसंसर्ग उशिरा कळतो. व्यायामोपचार टळले की गुडघा आखडतो आणि शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही माणूस लंगडतो. भाजलेल्या त्वचेचे व्रण आकसून सांधे जखडतात. मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णाला शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांपासून रोज जपावे लागते. प्लीहा काढावी लागलेल्यास विशिष्ट लसी घ्याव्या लागतात. डोक्याला मार बसलेल्या वृद्धाच्या कवटीत हळूहळू रक्त साचून कित्येक आठवड्यांनी डोकेदुखी, विस्मरण किंवा तोल जाणे सुरू होऊ शकते. घरातले ते वयोमानावर ढकलतात. बसमध्ये बसण्याची भीती, रात्री दचकून उठणे हाही आजारच आहे आणि त्यावर उपचार आहेत.

मग पाठपुरावा का तुटतो? शस्त्रक्रिया जिथे अपघात झाला त्या शहरात होते, घर असते दुसऱ्या जिल्ह्यात. तपासणीला जायचे म्हणजे रुग्णाचा आणि सोबत्याचा रोज बुडतो, वाहनाचे भाडे वेगळेच. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांना आहे. घरातून वारंवार कराव्या लागणाऱ्या फेऱ्यांचा भार कुटुंबावरच पडतो. सुरुवातीची बचत संपलेली असते, आणि ‘आता बरे वाटते आहे’ या समजुतीवर उपचार थांबतात.

याचा फटका न्यायालयातही बसतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणात स्पष्ट केले की, अवयवाच्या अपंगत्वाची टक्केवारी म्हणजे कमाई गमावल्याची टक्केवारी नव्हे. हात गमावलेल्या सुताराची जवळपास सारी कमाई बुडू शकते. सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. लकडगंजच्या सुताराला आणि हमालाला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. भविष्यातील वैद्यकीय खर्चही भरपाईत मागता येतो. परंतु तो सिद्ध होतो तपासणीच्या कागदांवर. पाठपुरावा तुटला की पुरावाही तुटतो.

उपाय अशक्य कोटीतले नाहीत. रुग्णालयातून सोडताना पुढील तपासण्यांच्या तारखा, धोक्याची लक्षणे आणि संपूर्ण कागदपत्रे मराठीतून लिहिलेल्या सूचनांसह हाती द्यावीत. महापालिकेच्या प्रत्येक झोनमधील एका तरी दवाखान्यात व्यायामोपचाराची सोय असावी, म्हणजे लकडगंजच्या रुग्णाला त्यासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला जावे लागणार नाही. केंद्राच्या योजनेतही सात दिवसांनंतरच्या ठरावीक तपासण्यांचा समावेश व्हावा.

तथापि सर्व भार शासनावर टाकून मोकळे होणे हा आपला संस्कार नाही. कुबड्या, चाकाची खुर्ची, पाण्याची गादी असे रुग्णोपयोगी साहित्य अल्प अनामत रकमेवर देणारी केंद्रे महाराष्ट्रात अनेक ठिकाणी सेवाभावाने चालतात. त्याच्या जोडीला वस्तीतील चार कार्यकर्त्यांनी जखमींची वही ठेवली, तपासणीच्या दिवशी एकाने सोबत केली, एखाद्या वकिलाने दाव्याचे कागद पाहून दिले, तर किती घरे सावरतील! अपघाताच्या क्षणी धावून जाणारा समाज जिवंत असतो यात शंका नाही. पण सहा महिन्यांनी त्याच जखमीच्या दाराशी जाऊन ‘आज तपासणीला जायचे ना?’ असे विचारणारा समाजच खऱ्या अर्थाने संघटित म्हणावा.